सेलोटेप कुठे लावावी?

अध्यक्षमहाराजांनी मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय ‘जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणि चिकटपट्टी : नेहमीचे प्रश्न’. प्रश्नांकडे येणारच आहे मी. पण आधी माझं एक लाडकं मत ऐकून घ्या. आपल्या घरच्या कॅसेटींचं बुरशीने केलं नसेल एवढं वाटोळं खणातल्या सेलोटेपने केलंय.

कॅसेटच्या कडेला कोपऱ्यात एक चौकोनी खुंटी असायची, कुणाकुणाला आठवते? ... वा! म्हणजे सगळे चाळिशीच्या पुढचे. (हशा) शूटिंगवाला कॅसेट देताना बजावायचा, ‘खुंटी तोडून टाका, मग यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.’ खुंटी तुटली की तिथे खळगा पडतो. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं आणि भरायचं यंत्र, त्यातली छोटीशी कळ तो चाचपते, आणि खळगा लागला तर रेकॉर्डिंग होऊच देत नाही. चोख व्यवस्था. फक्त जपानच्या जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस, म्हणजे हीच आपली घरगुती कॅसेट, बाजारात आणलं तेव्हा आमचा धाकटा मामा त्यांच्या हिशेबात नव्हता.

तारीख १३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी, भारत-श्रीलंका. मामाला मॅच भरून ठेवायची होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. माझ्या मुंजीची होती. बाबांनी खुंटी आठवणीने तोडलेली. मामाने खळग्यावर सेलोटेपचा तुकडा डकवला. झालं! कळीला वाटलं, खुंटी जागेवर आहे. आज ती कॅसेट लावली तर मातृभोजन चाललंय, आई घास भरवतेय, मागे आत्या हॅलोजनच्या उजेडात डोळे बारीक करून बघतेय, आणि एकदम ईडन गार्डन्स! भिक्षावळ गेली ती गेलीच. बरं, मॅच तरी कुठली? सचिन पासष्टवर यष्टिचीत झाला आणि एक बाद अठ्ठ्याण्णववरून आपण आठ बाद एकशेवीस. लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला. मामा म्हणतो, ‘ऐतिहासिक आहे ते, तुझी मुंज काय, सगळ्यांसारखीच.’ यावर काय बोलणार?

आणि तरीही, मंडळी, तांत्रिकदृष्ट्या मामा बरोबर होता. संपूर्ण कॅसेटवर सेलोटेप लावायची अधिकृत म्हणावी अशी जागा ती एकच.

... हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. मग प्रश्न भराभर घेतो.

फीत तुटली, सेलोटेपने जोडू का? नाही. तिचा डिंक दाबाने आणि उन्हाळ्यात कडेने पाझरतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो आणि तिथून हेडवर, म्हणजे यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागावर, जातो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हेडचा ढोल मिनिटाला दीड हजार फेरे घेतो; पट्टीची कड त्यात अडकली तर फीत जाते, हेडही जातं. जोडायचीच तर फीत जोडण्याची खास पातळ पट्टी मिळते ती घ्या, हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा, आणि तो जोड हेडवरून शक्यतो नेऊच नका. जोडाच्या अलीकडचा भाग संगणकावर उतरवा, पलीकडचा उतरवा.

फीत चक्रातून निसटली असेल तर चिकटपट्टी लागतच नाही. खालचे पाच स्क्रू काढा. चक्राच्या खाचेत एक चिमटा असतो, टोक त्यात दाबून बसवा. टोकाचा पारदर्शक तुकडा मात्र कापू नका. त्यातून उजेड आरपार गेला की यंत्राला कळतं, फीत संपली. तो नसेल तर ते ओढतच राहतं.

बुरशी! कोकणातून आलेल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून वेढ्यांवर पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका. एक घातलीत की यंत्र खराब, मग त्यातून पुढच्या सगळ्या कॅसेटी. ती जाणकाराकडे द्या. चांगल्या असतील त्या पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या कपाटात ठेवा. पोटमाळ्यावर नको.

आणि संगणकावर लवकर उतरवा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतात, घाई चालत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ साली उत्पादन बंद केलं. तेव्हा सभागृहात कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. मामाला सोबत आणणार नाही.