ट्रेजनचा स्तंभ: वरच्या वेढ्यावरचं मरण

मंडळी, रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर आज उभा आहे तो संत पीटर. सम्राटाचा मूळ पुतळा मध्ययुगात कधीतरी नाहीसा झाला आणि १५८७ मध्ये पोप पाचव्या सिक्स्टसने त्या जागी पीटरला चढवलं. स्तंभ मात्र टिकला. भोवतालच्या इमारतींचे दगड लोकांनी नेले, पण ११६२ मध्ये रोमच्या सिनेटने फर्मानच काढलं होतं: जो या स्तंभाला हात लावेल त्याला देहदंड, मालमत्ता जप्त.

इ.स. ११३ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. निमित्त डेशियाचं, म्हणजे आजच्या रोमानियाचं. तिथला राजा डेसिबालस. त्याच्याशी ट्रेजनने दोन युद्धं केली, १०१-१०२ आणि १०५-१०६. दुसऱ्या युद्धात राज्य गेलं, सोन्याच्या खाणी रोमला मिळाल्या. विजयानंतर रोममध्ये १२३ दिवस खेळ चालले आणि १० हजार ग्लॅडिएटर उतरवले गेले, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. त्या सुमारास दूरदूरच्या राजांचे दूत ट्रेजनला भेटून गेले, त्यात हिंदुस्थानातलेही होते, हेही तोच सांगतो.

आता स्तंभाकडे येऊ. जोत्यावर उभा असलेला ३० मीटरचा संगमरवरी खांब, एकेक ठोकळा ३० टनांच्या घरातला. आत वर जायला गोल जिना, तोही त्याच ठोकळ्यांतून कोरून काढलेला. बाहेरून शिल्पपट्टाचे २३ वेढे. पट्ट उलगडून जमिनीवर अंथरला तर २०० मीटरच्या आसपास भरेल. माणसं अडीच हजारांच्या वर.

विजयस्तंभ म्हटल्यावर आपल्याला वाटतं, मारामारीच मारामारी असणार. तशी ती आहे, पण थोडी. बहुतेक ठिकाणी सैनिक झाडं तोडताहेत, खंदक खणताहेत, भिंतीवर भिंत चढवताहेत. डॅन्यूब नदीचा देव कमरेपर्यंत पाण्याबाहेर येऊन होड्यांच्या पुलावरून जाणारं सैन्य बघत बसलाय. एक गडी तर ट्रेजनच्या देखत खेचरावरून चक्क खाली पडतोय! त्याचं काय प्रयोजन, यावर विद्वानांचे वाद आहेत. मला तो फार आवडतो. स्वतः ट्रेजन साठेक वेळा दिसतो: भाषण करताना, यज्ञात, पाहणी करताना. लढताना एकदाही नाही.

आणि डेसिबालस? तो पार वरच्या वेढ्यांत आहे. झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकलेला, हातात वाकडा सुरा, गळ्याशी नेलेला. समोरून एक रोमन घोडेस्वार हात लांबवत झेपावतोय, पकडायलाच. सगळ्या युद्धाचा शेवट इथे आहे आणि खालच्या माणसाला तो दिसणार नाही इतक्या उंचीवर आहे. त्या काळी बाजूला असलेल्या दोन ग्रंथालयांच्या सज्ज्यांतून खालचे वेढे दिसत असतील; हा नाही.

तो घोडेस्वार कोण, हे १९६५ मध्ये कळलं. उत्तर ग्रीसमध्ये फिलिपीजवळ टायबेरियस क्लॉडियस मॅक्झिमस या सैनिकाचा स्मारकदगड सापडला. त्यावर हाच प्रसंग: घोडा उधळलेला, डेसिबालस मागे कोसळतोय, हातातलं शस्त्र निसटतंय. खाली मजकूर, की मी डेसिबालसला पकडलं आणि त्याचं मुंडकं सम्राटाकडे नेलं. आता, स्तंभ तर म्हणतो की राजाने आधीच स्वतःला संपवलं. ‘पकडलं’ हा शिपाईगड्याचा बडेजाव असावा, आणि मला तो समजू शकतो. पण एक लक्षात घ्या: ट्रेजनने या युद्धावर स्वतः पुस्तक लिहिलं होतं, त्यातलं जेमतेम एक वाक्य उरलंय. त्यामुळे आपली मदार या दोन दगडांवर आणि डिओच्या उरल्यासुरल्या सारांशांवर. तिन्ही रोमच्याच बाजूचे. डेशियनांनी लिहिलेला इतिहास आपल्या हाती एक ओळभरही नाही.

तरी रोमानियाने हा स्तंभ आपला मानला. १९३९ ते १९४३ या काळात, महायुद्ध चालू असताना, व्हॅटिकनच्या कारागिरांकडून त्याच्या शिल्पांचे साचे काढून प्रतिकृती करवून घेतल्या. आता त्या बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जमिनीलगत मांडल्या आहेत. तिथे डेसिबालससमोर उभं राहून त्याचा चेहरा बघता येतो. फक्त या प्रतिकृती बुखारेस्टला पोचायला १९६७ साल उजाडलं.