बारावीचं पुस्तक पहिल्याच धड्यात का अडतं?

नमस्कार श्रोतेहो.

कापसाचा दुसरा वेचा सुरू आहे, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, हरभऱ्याला ओलीत द्यायचं आहे. आणि घरात बारावीचं एक लेकरू आहे. जूनमध्ये हौसेनं वह्यांना कव्हरं लावणारं हे लेकरू आता पुस्तक उघडतं, दहा मिनिटं पाहतं आणि मिटून ठेवतं. विचारलं तर एकच उत्तर, "मन नाही लागून राहिलं." घरचे म्हणतात आळस, सर म्हणतात मोबाइल. दोन्हींत थोडंथोडं तथ्य असेलही. पण आळस आणि मोबाइल बहुतेक वेळा नंतर येतात. आधी पोरगं कुठंतरी अडलेलं असतं, आणि कुठं अडलं हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

विज्ञान शाखेचं उदाहरण घेऊ, कारण तिथलं अडणं बोट ठेवून दाखवता येतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. त्यात अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हा आपल्याकडचा जुना समज. मग बारावीत फिजिक्सचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंचा. थोडं पुढं गेलं की टॉर्क, म्हणजे वस्तू फिरवणारा परिणाम, येतो, आणि टॉर्क म्हणजे दोन व्हेक्टरांचा, दिशा असलेल्या दोन राशींचा, क्रॉस प्रॉडक्ट, म्हणजे एका ठरावीक रीतीचा गुणाकार. हा क्रॉस प्रॉडक्ट बारावीच्या पुस्तकात कोणी समजावून देत नाही. तो अकरावीच्या दुसऱ्या धड्यात, मॅथेमॅटिकल मेथड्समध्ये, होऊन गेला असं धरलेलं असतं. पोराला वाटतं, फिजिक्स आपल्या डोक्याबाहेरचं आहे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्या धड्यापासूनच सुरू करतं, कारण अभ्यास पहिल्या धड्यापासूनच करायचा असतो अशी सवय. एकाच दगडाला दहा वेळा ठेच लागल्यावर त्या वाटेनं जायची इच्छा कोणाला राहील?

बरं, ही गोष्ट अवघड तरी किती आहे? ट्रॅक्टरच्या चाकाचा नट खोलताना पाहा. पाना लांब धरून, त्याच्याशी काटकोनात दाब दिला की नट सुटतो. पाना ज्या दिशेला आहे त्याच दिशेनं ओढत राहिलात, तर कितीही जोर लावा, नट जागचा हलत नाही. तीस अंशाच्या कोनात दाबलं तर काटकोनाच्या निम्माच परिणाम. पान्याची लांबी गुणिले जोर गुणिले मधल्या कोनाचा साइन. झाला टॉर्क. अकरावीच्या पुस्तकातली तेवढी पानं आणि आठ-दहा गणितं, दोन संध्याकाळींचं काम आहे. ते न केल्यामुळे मात्र अख्खा विषय सुटतो.

तेव्हा पहिलं काम अभ्यासाचं नाही, तपासणीचं आहे. एक विषय घ्या. फिजिक्समध्ये सोळा धडे आहेत. प्रत्येक धड्याला घड्याळ लावून दहा मिनिटं द्या. त्या वेळात फक्त सोडवून दिलेली गणितं आणि आकृत्या पाहायच्या, आणि वहीच्या मागच्या पानावर तीनपैकी एक खूण करायची: येतं, अर्धवट येतं, येत नाही. अर्धवट असेल तिथं जो शब्द किंवा जी पायरी कळली नाही ती लिहून ठेवायची. 'धडा कठीण आहे' असं लिहायचं नाही. 'दुसऱ्या ओळीवरून तिसरी ओळ कशी आली कळलं नाही' असं लिहायचं. सरांना असा प्रश्न विचारला तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं. "सर, काहीच समजून नाही राहिलं" म्हटलं तर सरही काय सांगणार? सोळा धड्यांचे एकशे साठ मिनिटं होतात, म्हणजे तीन संध्याकाळी.

ही तपासणी झाली की सुरुवात 'येत नाही'पासून करू नका. अर्धवट येणारे धडे आधी उचला. शेवटचा धडा, सेमीकंडक्टर डिव्हायसेस, यात गणित कमी आणि आकृत्या जास्त. झेनर डायोड, फोटोडायोड, सोलर सेल, एलईडी. शेतावर सौरपंप बसलेल्या घरात सोलर सेल कशाला म्हणतात ते सांगावं लागत नाही. हा धडा चार दिवसांत हाताशी येऊ शकतो. एक धडा पूर्ण आला, बिनापुस्तकाचा लिहून झाला, की पुस्तकाची भीती कमी होते. मन लागणं बहुधा त्यानंतरचं.

इथं एक चूक हमखास होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा, समजल्यासारखं वाटायचं आणि पुढचा व्हिडिओ लावायचा. शिकवणारा हुशार असतो, म्हणून सगळं सोपं वाटतं. पेन त्याच्या हातात असतं ना! वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर तो बंद करून पुढची वीस मिनिटं तेच कोऱ्या कागदावर लिहा. जिथं पेन थांबेल तेवढाच भाग परत पाहा.

आता पेपरकडे या, कारण भीतीचा मोठा वाटा पेपर नीट न पाहिल्याचा असतो. राज्य मंडळाचा फिजिक्सचा लेखी पेपर सत्तर गुणांचा, तीस गुण प्रात्यक्षिकाचे. लेखीत बहुपर्यायी आणि एका वाक्यातल्या उत्तरांचे मिळून १८ गुण. दोन गुणांच्या १२ प्रश्नांतले ८ सोडवायचे, तीन गुणांच्या १२ मधले ८, चार गुणांच्या ५ मधले ३. छापलेले प्रश्न ९८ गुणांचे, सोडवायचे ७० चे. म्हणजे २८ गुणांचे प्रश्न सोडून द्यायची मुभा पेपरनंच दिली आहे. दोन-तीन धडे कितीही केलं तरी जमत नसतील, तर त्यासाठी सगळं पुस्तक टाकून द्यायचं कारण नाही. आणि प्रात्यक्षिकाची जर्नल आजच बाहेर काढा. डोकं चालत नसेल त्या दिवशी आकृत्या काढणं, निरीक्षणांचे तक्ते पुरे करणं एवढं तरी होतं, आणि त्याला गुण आहेत. गेल्या दोन वर्षांत प्रात्यक्षिकं जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात सुरू झाली आणि लेखी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. डिसेंबरच्या सुरुवातीपासून मोजलं तर लेखीला साधारण दहा आठवडे मिळतात.

कला शाखेच्या मुलामुलींचं दुखणं वेगळं. "आर्ट्सले काय अभ्यास लागते?" असं चारचौघांत ऐकून ऐकून त्यांनाच ते खरं वाटायला लागतं. तिथं उत्तर येत नसतं असं नाही, लिहायचा सराव नसतो. रोज एक मोठं उत्तर वेळ लावून लिहिलं तरी बरंच होतं.

वेळापत्रकाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पहाटे चार ते रात्री अकरा असं रंगीत पेननं लिहून भिंतीला लावलेलं वेळापत्रक तिसऱ्या दिवशी मोडतं. सकाळची एसटी, कॉलेज, चार-साडेचारला परत, मग ढोरं, पाणी, वेचलेल्या कापसाची गाठोडी. या दिवसात प्रामाणिकपणे दोन तास निघतात. मग दोनच तासांचं वेळापत्रक करा: चाळीस मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये दहा-दहा मिनिटं उठायचं. एक बैठक पहाटेची ठेवली तर बरी, तेव्हा घर शांत असतं. आणि एखादा दिवस बुडाला तर तो बुडाला. त्याची बाकी दुसऱ्या दिवशी चढवू नका. दोन तासांचे चार, चाराचे सहा झाले की चौथ्या दिवशी पुस्तक हातातच घेववत नाही. खूप पोरांचा अभ्यास अशा थकबाकीखालीच बंद पडतो.

आईवडिलांना एक विनंती. वावरातलं काम पूर्ण बंद करा असं कोणी म्हणत नाही. वेचणीला मजूर मिळत नाहीत हे खरं आहे. पण कामाचे तास ठरवून द्या. "जरा चाल" म्हणून दुपारी नेलेलं पोरगं रात्री सातला परत येतं, त्याची खबर त्याला आधी नसते. जिथं अजून पंपाला रात्रीची लाइन येते, तिथं ओलीताला आणि रानडुकरांच्या जागलीला निदान या दहा आठवड्यांत बारावीच्या पोराला पाठवू नका. रात्री दोनपर्यंत पाणी धरल्यावर सकाळच्या तासाला त्याचे डोळे उघडे असतील, पण डोक्यात काही शिरणार नाही.

आणखी एक गोष्ट विदर्भात विसरून चालत नाही. पोरगी सतत थकलेली, जिना चढताना धाप, सांधे दुखतात, वाचताना झोप येते. हा आळस नसून रक्ताची कमतरता असू शकते. पंधरा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बराच आहे. त्याची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस, करून घ्यावी लागते. आधी रक्त तपासा, मग रागवा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, लेकरू कोणाशी बोलत नसेल किंवा "आता काही अर्थ नाही" अशी भाषा करत असेल, तर अभ्यासाचा विषयच बाजूला ठेवा. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, तिचा क्रमांक आहे १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा.

काहींचं मन वेगळ्याच कारणानं उडतं. नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत, काही होणार नाही हे डिसेंबरात कळून चुकतं, आणि मग बारावीही बिनकामाची वाटायला लागते. पण कृषी पदवीचे प्रवेश राज्याच्या सीईटीवरून, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेवरून होतात, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ त्यातच येतं. बारावी विज्ञान झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. राज्याच्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर असतात. अकरावी वाया गेली म्हणून सगळंच गेलं, असा हिशेब होत नाही.

तरी अकरावीचं पुस्तक लागेलच. ते बहुतेक घरांत एव्हाना मामाच्या पोराकडं गेलेलं असतं किंवा रद्दीत. मामाकडं असेल तर उद्या निरोप पाठवून परत मागा. रद्दीत गेलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. सगळं पुस्तक छापायची गरज नाही. दुसरा धडा तेवढा गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढून घ्या, आणि क्रॉस प्रॉडक्टच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा.

नमस्कार.