दुसरा झरा म्हणजे नेमका कोणता?

(दृश्य : यावल तालुका. केळीच्या मळ्यात ट्यूबवेलचं खोदकाम. बांधावर मातीच्या लहान लहान ढिगाऱ्यांची रांग.)

पिवळी माती, चिकणमाती, मग वाळू, मग गोटे. दर दहा फुटांनी बाहेर आलेला एकेक ढिगारा. बांधावरून हाक येते, "पाणी लागनं का भाऊ?"

"लागनं. दुसरा झरा."

शेजारच्या मळ्यातही 'दुसरा झरा'च लागला होता, पण शंभर फूट कमी खोलीवर. मग हे पाणी एकाच थरातलं की दोन वेगळ्या? 'दुसरा' या शब्दातून एवढंच कळतं, की या भोकात आधी एक लागून गेला.

खोलीवरून नाव दिलं तरी तीच गत. अमेरिकेतल्या बॅटन रूज शहराखाली '2000 फुटी वाळू' नावाचा थर आहे. शहराच्या औद्योगिक भागात तो तेवढ्या खोलीवर आहे, म्हणून हे नाव. पण थर दक्षिणेला उतरत जातो, खोली बदलते, नाव मात्र तेच राहतं. 1986 साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक खात्याने सांगितलं, की जलधराचं (म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थराचं) नाव खडकावरून किंवा गावावरून ठेवा, खोलीवरून किंवा क्रमावरून नको.

आपल्याकडे जलधरांच्या सरकारी नकाशात गाळाला एएल, बेसाल्टला बीएस. देशाच्या पातळीवर ठीक आहे. पण बीएस-01 हा शिक्का धुळ्यावरही आणि साताऱ्यावरही! पाणलोटाचे क्रमांक आहेत, पण पाणलोटाची हद्द जमिनीवरच्या उंचवट्यांनी ठरते. खालचा थर ती पाळेलच असं नाही.

(दृश्य : तापीच्या दक्षिणेला, विहिरीची उघडी भिंत.)

तापी ओलांडून दक्षिणेला गेलं, की थोड्या अंतरावर गाळ संपतो. इथे लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पाणी मुरमात, मांजऱ्यात (म्हणजे छिद्रं असलेल्या खडकात), भेगांत. काळ्या पाषाणाला भेग नसेल तर बोअर कोरडाच. धुळे-नंदुरबारकडे तर डाईक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, हे थर चिरत गेलेत. भिंतीपलीकडे तेच पाणी असेल, याची खात्री कोण देणार? तपासल्याशिवाय नाव भिंतीपलीकडे ओढू नये.

समजा, त्या मळ्यातल्या थराला 'फैजपूर वाळू' म्हणायचं. आधी एका ट्यूबवेलचा पंप चालवायचा आणि शेजारच्या ट्यूबवेलमधली पातळी मोजायची. तीही उतरू लागली, तर दोन्ही ढिगाऱ्यांवर एकच चिठ्ठी.

(दृश्य : ढिगाऱ्यांजवळ वही. मालक रकाना आखतोय : फूट, माती, पाणी. चौथा रकाना अजून कोरा.)