डीन फ्रेझरचा सॅक्सोफोन

नमस्कार श्रोतेहो. आज जमैकाचं रेगे संगीत ऐकू या, पण गायकाशिवायचं. सॅक्सोफोनवरचं.

जमैकात या वाद्याला मान जुना. किंग्स्टनला नन्सनी चालवलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरिबाघरची मुलं बँड शिकली. टॉमी मकुक तिथलाच. 1964 साली स्कॅटलाइट्स हा बँड जमला, त्यात तो आणि रोलंड अल्फान्सो टेनर सॅक्स वाजवायचे. रेगे आलं ते त्यानंतर.

पण मला सांगायचाय तो डीन फ्रेझरचा किस्सा. 11 मे 1981 रोजी रेगेचा गायक बॉब मार्ली गेला. वय अवघं 36. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माँटेगो बे इथे रेगे सनस्प्लॅश भरला. दोनच वर्षांपूर्वी याच महोत्सवात मार्ली स्वतः गायला होता. आणि आता मंचावर उभा राहिला फ्रेझर, विशीतला पोरगा, साथीचा वादक. साथीचा म्हणजे गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात चार सूर भरणारा. त्यानं निवडलं 'रिडेम्पशन साँग'. मार्लीनं मूळ रेकॉर्डवर हे गाणं नुसत्या गिटारवर म्हटलंय. ड्रम नाही, खर्जातली बास गिटार नाही. सगळा भार शब्दांवर. आणि फ्रेझरच्या हातात शब्दच नाहीत! पण समोरच्यांना ते पाठ होते, श्रोतेहो. यानं फक्त चाल वाजवायची, शब्द ज्याचे त्यानं मनात म्हणायचे. शब्द नाहीत, तरी गाणं पुरतं पोचलं. त्या वादनानं फ्रेझरचं नाव झालं. पुढे 1994 मध्ये मार्लीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम आला, 'डीन प्लेज बॉब', आणि 1996 मध्ये त्याचा दुसरा भाग.

आता ओघात आलंय तर बोलतोच. आपण रेडिओवाले गायक सांगतो, संगीतकार सांगतो, वादकाला मात्र गाळतो. आर. डी. बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांतला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. नाव घ्यायला पाच सेकंद लागतात. घेतलंच पाहिजे.

बरं, ऐकायचं कसं? रेगेत चाल धरून ठेवतो बास. गिटार उलट्या ठोक्यावर, ड्रमचं वजन बहुधा तिसऱ्या मात्रेवर. मधल्या मोकळ्या जागेत सॅक्सोफोन गातो. म्हणून आधी बास, मग सॅक्सोफोन. आणि मोबाइलच्या स्पीकरवर कृपया नको, त्यात बास येतच नाही. चांगले हेडफोन लावा, आधी बास पकडा.