कार्डावरची थकबाकी आणि स्वतःचा धंदा

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांचा स्वतःचा धंदा आहे. कुणी लग्नाचे फोटो काढतं, कुणी वायरिंगची कामं घेतं, कुणी घरून डबे पुरवतं. मिळकत बरी असते, पण तिला तारीख नसते. क्रेडिट कार्ड मात्र तारखेवर चालतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचंच घ्या. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि आषाढी एकादशीनंतर मुहूर्त संपतात. पुढचे चार महिने नवं काम जवळजवळ नाही. झालेल्या कामाचे उरलेले पैसे अल्बम हातात दिल्यावर मिळणार, आणि अल्बम छापून घ्यायला लॅबला पैसे आधी द्यायचे. ते कार्डावर जातात. यात उधळपट्टी कुठेच नाही. पण बिलाची तारीख येते तेव्हा खात्यात पैसे नसतात, आणि माणूस 'मिनिमम', म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम, भरून मोकळा होतो.

हे मिनिमम नीट समजून घेऊ. बऱ्याच कार्डांवर थकबाकीला महिना पावणेचार टक्के व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४५ टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.४२५ टक्के, आणि साधा गुणाकार केला तरी वर्षाला ५३ टक्के. समजा थकबाकी १,००,००० रुपये आहे. महिन्याचं व्याज ३,७५० आणि जीएसटी ६७५, मिळून ४,४२५. बिल येतं १,०४,४२५ चं. त्याचे पाच टक्के मिनिमम धरलं तर भरायचे ५,२२१. ते तुम्ही वेळेवर भरता, आणि मुद्दल कमी होतं फक्त ७९६ रुपयांनी. असं वर्षभर एकही हप्ता न चुकवता भरत राहिलात, तर खिशातून जातात जवळपास ६०,००० रुपये आणि थकबाकी उरते जवळपास ९०,८५०. मिनिमम भरल्यानं उशिराचा दंड लागत नाही आणि नोंद खराब होत नाही, हे खरं. पण कर्ज फेडायचं ते साधन नव्हे.

दुसरी गोष्ट बिलावर बारीक अक्षरात असते. मागच्या बिलातले दहा हजार जरी बाकी असतील, तरी नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत बंद होते. अशा कार्डावर ८ ऑगस्टला ४०,००० चा माल घेतला आणि बिल ५ सप्टेंबरला निघालं, तर २८ दिवसांचं व्याज १,३८१ आणि जीएसटी २४९, असे १,६३० रुपये पहिल्याच बिलात लागतात. त्या मालावर तुमचा नफा किती सुटतो, ते तुम्हीच पडताळून पाहा. म्हणून ज्या कार्डावर थकबाकी आहे ते खरेदीसाठी त्याच दिवशी बंद करायचं. नुसतं पाकिटातून काढून भागत नाही. यूपीआयला जोडलेलं रुपे कार्ड काढा, ऑनलाइन दुकानांत साठवलेला नंबर काढा, मोबाइल-विजेच्या बिलांचं ऑटो-पे बचत खात्यावर वळवा.

एटीएममधून कार्डावर रोकड काढू नका. तिथे एक दिवसाचीही सवलत नसते, काढल्या क्षणापासून व्याज, वर काढण्याचं शुल्क वेगळं. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून दोन-तीन टक्के कापून रोख घ्यायची, तिनं दुसऱ्या कार्डाचं बिल भरायचं, ही पद्धत बाजारात सर्रास चालते. महिन्याला अडीच टक्के म्हणजे वर्षाला तीस टक्के झाले, आणि मुद्दल एक रुपयानंही हललेलं नसतं. शिवाय हा कार्डाच्या अटींचा भंग आहे, लक्षात आलं की बँक कार्ड गोठवते. मग दोन्ही कार्डांची बिलं एकदम अंगावर येतात.

आता 'व्याजदर वाढले' या तक्रारीबद्दल. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. फेब्रुवारी २०२५ पासून तो उतरू लागला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, म्हणून ती त्याच्याबरोबर वरखाली होतात. कार्डाचा दर या दोरीला बांधलेला नाही. रेपो उतरला म्हणून कार्ड स्वस्त होईल, ही वाट कृपया पाहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकालही सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

मात्र दरवाढ आडवाटेनं कार्डापर्यंत पोचते. घराचा हप्ता दोन-तीन हजारांनी वाढतो आणि तेवढाच किराणा कार्डावर जातो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेनं तुम्हाला द्यायचा आहे. कार्डावर थकबाकी असताना मी स्पष्टपणे मुदत वाढवा असंच सांगेन. एरवी हा सल्ला चुकीचा ठरला असता. पण घराच्या कर्जाचा दर आठ-नऊ टक्के आणि कार्डाचा पंचेचाळीस, तेव्हा हातात उरलेला रुपया कार्डावरच गेला पाहिजे. कार्ड फिटल्यावर बँकेत जाऊन हप्ता पुन्हा वाढवून घ्या.

थकबाकी उतरवायचा मुख्य मार्ग म्हणजे तिला मुदतीच्या कर्जात बदलणं. वरचेच एक लाख रुपये १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात नेले आणि मुदत २४ महिने घेतली, तर हप्ता येतो ४,८९६. तुम्ही भरत होता त्या मिनिममपेक्षा हा हप्ता कमी आहे, आणि दोन वर्षांनी कर्ज संपलेलं असतं. एकूण भरता सुमारे १,१७,५००, अधिक प्रक्रिया शुल्क.

कार्डवाली बँकही थकबाकीचे हप्ते पाडून देते. कागदपत्रं लागत नाहीत, म्हणून ते सोपं वाटतं. पण कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजाला जीएसटी लागतो, साध्या कर्जाच्या व्याजाला लागत नाही. कार्डावरचे १६ टक्के म्हणजे प्रत्यक्षात १८.८८. मुदतीआधी फेडलं तर किती शुल्क, तेही आधी विचारा.

घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण बहुतेकदा याहून स्वस्त पडतं, आणि आयकर विवरण नीट नसलेल्यालाही मिळतं. इथे चूक होते ती वेगळीच. दरवर्षी नुसतं व्याज भरून कर्ज नवं करून घ्यायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. मग एका वर्षी व्याजही जमत नाही आणि लिलावाची नोटीस येते. सोनं ठेवलंत तर मुद्दल दर महिन्याला थोडं थोडं भरा. मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५०,००० पर्यंत आणि किशोर पाच लाखांपर्यंत मिळतं, पण ते धंद्यासाठी असतं. त्यातून माल घ्या, म्हणजे मालाची खरेदी कार्डावरून उठते.

कर्ज बदलल्यानंतरचे तीन महिने सगळ्यात धोक्याचे. कार्डाची एक लाखाची मर्यादा मोकळी झालेली असते, गणपतीच्या आसपास धंद्याला पैसा लागतो, आणि हात तिकडे जातो. वर्षअखेरीला कर्जही असतं आणि कार्डही भरलेलं असतं. म्हणून ज्या आठवड्यात कर्ज घ्याल, त्याच आठवड्यात कार्डाची मर्यादा कमी करण्याचा अर्ज द्या.

दुसरं कर्ज मिळतच नसेल, तर ठरावीक रक्कम धरून चाला. एक लाखाला दरमहा ८,००० भरलेत आणि नवी खरेदी केली नाहीत, तर साधारण एकोणीस महिन्यांत फिटतं. १०,००० भरलेत तर चौदा महिन्यांत. आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे दरमहा ठरावीक येतच नाही. म्हणून महिन्याचा आकडा सोडा, आलेल्या प्रत्येक रकमेतून हिस्सा काढा. ग्राहकाचे ३०,००० आले, तर त्यातला जीएसटी आणि कराचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. तो पैसा तुमचा नाहीच. उरलेल्यातला ठरलेला हिस्सा, समजा पंचवीस टक्के, त्याच संध्याकाळी कार्डावर. कार्डाचं व्याज रोजच्या शिलकेवर मोजलं जातं, त्यामुळे शेवटच्या तारखेपर्यंत थांबण्यात नुकसानच आहे. १५,००० रुपये पंधरा दिवस आधी भरले तर जीएसटीसह सुमारे ३२७ रुपये वाचतात. महिन्यातून चार वेळा भरलं तरी चालतं. बिलाची तारीख बदलून घ्यायची सोयही बँकेला द्यावी लागते. तुमचे मोठे ग्राहक १० तारखेच्या आसपास पैसे सोडत असतील, तर शेवटची तारीख १५ च्या पुढे जाईल असं चक्र मागून घ्या.

एवढं करूनही वसुली ढिली राहिली तर कार्ड पुन्हा भरणारच. कार्डाची थकबाकी म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या ग्राहकाची उधारी असते, जिचं व्याज तुम्ही भरता. सेवा देणारे किंवा वस्तू बनवणारे असाल तर छोट्या उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी करा, ती फुकट आहे. तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट'च्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. मार्चमध्ये कंपनीच्या हिशेबनिसाला या तरतुदीची आठवण करून देणारं दोन ओळींचं पत्र पाठवा, खूपदा तेवढ्यानं काम होतं. नाही झालं तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. आणि घरगुती ग्राहकाकडून अल्बमच्या छपाईचा खर्च निघेल एवढी रक्कम काम घेतानाच घ्या.

काही जणांकडे आज मिनिमम भरण्याइतकेही पैसे नसतील. फोन बंद करून बसू नका. मिनिमम शेवटच्या तारखेपासून ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, त्याच्या आत बँकेला लेखी कळवून हप्ते मागितलेत तर बोलायला जागा असते. कमी रकमेत तडजोड करायची वेळ आलीच, तर आधी बँकेचं पत्र हातात घ्या. रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही येणं नाही' हे त्यात हवं. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीनं मिटवलेलं, अशी नोंद होते आणि पुढचं कर्ज अवघड जातं, हे समजून सही करा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना किंवा ग्राहकांना फोन करून बदनामी करणंही चालत नाही. असं झालं तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते.

कार्ड फिटलं की शिल्लक शून्य झाल्याचं बिल जपून ठेवा. शेवटच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात शे-दोनशे रुपयांचं येतं, ते राहिलं की त्यावर दंड चढतो. त्यामुळे आणखी एक बिल येऊ द्या, तेही भरा, आणि मग कार्ड बंद करण्याचा अर्ज करा. काही बाकी नसेल तर बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं. पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिनं तुम्हाला द्यायचे असतात.