तबकडीवरचा ‘पॅराशॉक’

नमस्कार, श्रोतेहो.

आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ अजून कपाटात असेल, तर आज ते बाहेर काढा. पुष्कळ एचएमटींच्या तबकडीवर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘पॅराशॉक’ लिहिलेलं असतं. हा शब्द जपानहून आला. १९६१ मध्ये बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनू लागली ती सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं, आणि धक्का सोसणारी ही रचना सिटिझनची.

धक्का बसतो कुणाला? बॅलन्स व्हीलला. याच चाकाच्या मागेपुढे झोके घेण्यावर टिकटिक चालते. बैलगाडीच्या चाकाला असतो तसा त्यालाही आस असतो. पण त्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, कधी त्याहूनही बारीक. जाड केली तर घर्षण वाढतं आणि घड्याळ वेळ नीट दाखवत नाही. ही टोकं माणकाच्या खड्यांत टेकलेली. घड्याळ फरशीवर आपटलं, की चाकाचा सगळा जोर त्या टोकावर येतो आणि ते मोडतं.

टोक जाड करता येत नाही, मग खडाच हलता ठेवला तर? पॅरिसच्या ब्रेगे या कारागिरानं १७९० च्या सुमारास खडा पोलादी स्प्रिंगवर धरला. पुढे १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये इन्काब्लॉक आलं. त्यात खडे एका उतरत्या, शंकूच्या आकाराच्या बैठकीत बसवलेले, वरून नाजूक स्प्रिंगनं दाबलेले. धक्का बसला की खडे केसभर सरकतात, तेवढ्यात आसाचा जाड भाग भोवतीच्या धातूला टेकतो आणि मार तोच खातो. मग स्प्रिंग दाबते, उतारावरून घसरत खडे बरोबर मध्यावर परततात. मला यातला उतार फार आवडतो. नुसती स्प्रिंग असती तर खडे परत नेमके मध्यावर आले असते असं नाही.

मात्र घड्याळ हातोड्यासारखं वापरू नका! ‘शॉकप्रूफ’ची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे ती १ मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याएवढ्या धक्क्याची. काच, काटे, बॅलन्स व्हीलला झुलवणारी केसासारखी हेअरस्प्रिंग यांना हे खडे वाचवत नाहीत.

आणि घड्याळजी खड्यांवरची स्प्रिंग सोडवत असताना टेबलाजवळ शिंकू नका. इन्काब्लॉकची बिजागरीवर अडकलेली असते, पण काही जातींची सुटून उडाली, की भिंग लावूनही सापडत नाही.