थेरपी ऑनलाइन घेताय? मग आपल्या भाषेत बोला

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ गाडीत बसून करतेय, कारण माझी थेरपी याच सीटवर झाली.

डोंबिवलीत आमचं वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाईंची मालिका, आत लेकीचा अभ्यास. दर बुधवारी रात्री साडेआठला मी ‘जरा खाली जाऊन येते’ म्हणायचे, पार्किंगमध्ये येऊन काचा वर करायचे, इयरफोन लावायचे आणि ५० मिनिटं बोलायचे. बारा वर्षांची नोकरी सुटली होती आणि त्याच वर्षी बाबा गेले. रात्री तीनला दचकून जाग यायची. फोन वाजला तरी पोटात गोळा.

ऑनलाइन थेरपी म्हटलं की लोक विचारतात, स्क्रीनवरून काय होणार? माझ्या मते खरी अडचण स्क्रीनची नसतेच. घरात मोकळेपणी बोलायला जागा नसते, ही अडचण असते. तेव्हा आधी जागा शोधा. गच्ची, मैत्रिणीची खोली, ऑफिसमधली रिकामी मीटिंग रूम, काहीही चालेल. भिंतीपलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत असेल, तर माणूस हवापाण्याच्याच गप्पा मारतो.

दुसरी गोष्ट भाषेची. माझ्या पहिल्या थेरपिस्ट इंग्रजीत बोलायच्या. बाई फार चांगल्या होत्या. पण ‘आय फील अँक्शस’ म्हटलं की माझं बोलणं तिथेच संपायचं. ‘जीव थाऱ्यावर नाही’ हे त्यांना कसं सांगू? दोन सेशन झाल्यावर मी त्यांनाच विचारलं, मराठी बोलणारं कुणी सुचवाल का? त्यांनी लगेच नाव दिलं. थेरपिस्ट बदलायला संकोच करू नका, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

नव्या ताईंसोबतचं तिसरं सेशन मला अजून आठवतंय. मी म्हणत होते, ‘मला महिन्याभरात नोकरी मिळालीच पाहिजे. घरच्यांसमोर मी रडताच कामा नये.’ ताईंनी थांबवलं. म्हणाल्या, ‘तुमच्या दोन्ही वाक्यांत एक अक्षर आहे. ऐकू येतंय?’

‘च’!

ताईंची ही पद्धत म्हणजे आरईबीटी, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास अमेरिकेत मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसापर्यंत पोचवली. तिचं म्हणणं असं, की घटनेमुळे त्रास होतोच, पण आपल्या इच्छेचा आपण हट्ट केला की तो कितीतरी वाढतो. इंग्रजीत तो हट्ट ‘मस्ट’ या शब्दात असतो. आपल्याकडे तो या एका अक्षरात मावतो. ताईंनी वहीत दोन रकाने करायला सांगितले. डावीकडे ‘च’ असलेलं वाक्य, उजवीकडे तेच वाक्य ‘च’ काढून. ‘नोकरी मिळालीच पाहिजे.’ ‘नोकरी लवकर मिळावी असं फार वाटतं, नाही मिळाली तर हाल होतील, पण मी तग धरेन.’ काळजी राहिली, पण तीनला उठून बसणं हळूहळू कमी झालं. एका आठवड्यात नाही, दोनअडीच महिने गेले.

बाबांच्या बाबतीत मात्र ताईंनी वही उघडायला सांगितली नाही. त्या फक्त ऐकत राहिल्या. एकदा तर वीस मिनिटं मी नुसती रडले.

आता निवड कशी करायची? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट डॉक्टर असतात, ते औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक बेधडक विचारा. ‘काउन्सेलर’ ही पाटी कुणीही लावतं, म्हणून शिक्षण कुठे झालं, अनुभव किती, हेही विचारा. फी, सेशन रद्द केल्यास काय, रेकॉर्डिंग होतं का, हे पहिल्याच कॉलमध्ये स्पष्ट करून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांतली गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद होऊ शकतो, आणि चांगला थेरपिस्ट हे सुरुवातीलाच सांगतो.

आणि हे नीट ऐका. जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या बुधवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जवळ कुणी असेल तर त्यांना सांगा, आणि थेट हॉस्पिटल गाठा.

पहिला कॉल ठरला असेल, तर आज रात्री चार ओळी लिहून ठेवा. काय होतं, कधी होतं, शरीरात कुठे जाणवतं. शब्द घरचेच वापरा. ‘धस्स होतं’, ‘कशात मन लागत नाही’, जसं आईला सांगाल तसं. कॉल लागला की त्या ओळी वाचून दाखवा. मीही तेच केलं होतं, याच सीटवर, मोबाइलच्या उजेडात.